विश्लेषण : वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या पोरांना शाळेची वाट दाखवणारे पंजाबराव देशमुख कोण होते?

वसतिगृहाच्या खर्चासाठी सरकारी भत्ता हवा असेल तर अर्जावर एक नाव येते. पीककर्ज वेळेत फेडून व्याजात सवलत मिळवायची असेल तर पुन्हा तेच नाव येते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या फाटकावर आणि अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाटीवरही ते आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव महाराष्ट्रात अनेकांना तोंडपाठ असते. त्यांनी नेमके काय केले, हे सांगताना मात्र बहुतेकांची गाडी ‘पहिले कृषिमंत्री’ या दोन शब्दांपाशी थांबते. प्रत्यक्षात त्यांचे मोठे काम दिल्लीला जाण्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडात झाले. गरजू माणसाला मदत कशी करावी, म्हणजे तो पुन्हा मदतीसाठी हात पसरणार नाही, या प्रश्नाभोवती ते काम फिरत होते. हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

पंजाबरावांचे बालपण कुठे गेले?

पंजाबराव यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडील शामराव आणि आई राधाबाई. घराणे देशमुखांचे असले तरी पोट शेतीवरच होते आणि ती पावसावर अवलंबून होती. पापळमध्ये सुरुवातीचे शिक्षण झाल्यावर पुढची इयत्ता गाठण्यासाठी त्यांना गाव सोडावे लागले. आधी चांदूर रेल्वे, मग कारंजा लाड आणि त्यानंतर अमरावतीचे हिंदू हायस्कूल असा त्यांचा प्रवास झाला.

आज हा प्रवास किरकोळ वाटेल. त्या काळी खेड्यातल्या मुलाचे शिक्षण बहुधा इथेच तुटायचे. शहरात शाळा होती, पण राहायचे कुठे आणि जेवायचे कोणाकडे, याचे उत्तर नसे. नातेवाईक असेल तर ठीक, नाहीतर पोरगा परत येऊन वखरामागे लागे. ही अडचण पंजाबरावांनी स्वतः भोगली होती. पुढे त्यांनी शाळेच्या आधी वसतिगृहाचा विचार का केला, हे त्यावरून कळते.

त्या काळी वऱ्हाडातील शेतकऱ्याची स्थिती काय होती?

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. त्यामुळे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. अमरावती, अकोला, खामगाव या कापसाच्या मोठ्या बाजारपेठा झाल्या. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले.

कापूस आला तसे कर्जही आले. इंग्रजांच्या नव्या सारापद्धतीत जमीन शेतकऱ्याच्या नावावर लागली. नावावर लागलेली जमीन गहाण ठेवता येते आणि विकताही येते. पूर्वी सावकार पिकावर नजर ठेवून कर्ज देई. आता तो जमिनीवर देऊ लागला. पेरणीला बियाणे सवाई-दिढीने घ्यायचे, म्हणजे एक मण नेले तर सुगीला सव्वा किंवा दीड मण परत करायचे. लग्नाला, बैलजोडीला, आजारपणाला पुन्हा कर्ज. व्याजावर व्याज चढत जाई. हिशेबाची वही सावकाराकडे आणि शेतकऱ्याकडे फक्त अंगठा. वहीत काय लिहिले आहे, हे वाचता येणारा माणूस घरात नसे.

कोर्टात प्रकरण गेले की कागद बोलत असे. ज्याच्याकडे कागद, त्याच्या बाजूने निकाल. अशा रीतीने जमिनी हातच्या गेल्या. पिढीजात मालक आपल्याच शेतात बटाईने किंवा सालदार म्हणून राबू लागला. निरक्षरता आणि कर्जबाजारीपणा या दोन वेगळ्या अडचणी नाहीत, हे पंजाबरावांच्या पुढच्या सगळ्या कामामागचे सूत्र इथल्या अनुभवातून आले.

विलायतेच्या शिक्षणाचा खर्च कसा भागला?

मॅट्रिकनंतर पंजाबराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९२० मध्ये उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला रवाना झाले. या खर्चासाठी वडिलांनी शेती गहाण ठेवली. ज्या सापळ्यात अख्खा वऱ्हाड अडकला होता, त्यातच या घराने मुलाच्या शिक्षणासाठी पाय टाकला. परदेशात शिष्यवृत्ती मिळाल्याने पुढचा मार्ग थोडा सुकर झाला.

सहा वर्षांत त्यांनी एम.ए. केले, बॅरिस्टर झाले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. हा विषय सहज निवडलेला नव्हता. वेदांचा अधिकार कोणाला, हा वाद त्या काळी महाराष्ट्रात तापलेला होता. शेतकऱ्याच्या मुलाने त्याच वेदांवर संशोधन करून पदवी मिळवणे, हे त्या वादाला दिलेले एक उत्तर होते. १९२६ मध्ये ते परतले आणि अमरावतीत वकिली सुरू केली.

मुंबईत वकिली केली असती तर पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते. ते अमरावतीला आले. तिथे त्यांच्यासमोर येणारे अशील तेच होते, ज्यांच्या जमिनी कागदावर जात होत्या.

मूठभर धान्यावर वसतिगृह कसे उभे राहिले?

परत आल्यावर लगेचच्या काळात पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. खेड्यातून शिकायला येणाऱ्या गरीब मुलांची राहण्या-जेवणाची सोय, हा त्याचा उद्देश होता. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी त्यांनी ‘मुष्टिफंड’ ही पद्धत वापरली.

मुष्टिफंड म्हणजे प्रत्येक घराने मूठभर धान्य वेगळे काढून ठेवायचे आणि ते गोळा करून छात्रालय चालवायचे. यात दोन गोष्टी साधल्या. पहिली, एखाद्या श्रीमंत देणगीदाराच्या मर्जीवर मुलांचे जेवण अवलंबून राहिले नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. ज्या घरातून मूठभर ज्वारी जाई, त्या घराला ते छात्रालय आपले वाटे. आज आपण दुसऱ्याच्या मुलासाठी मूठ दिली, उद्या आपला मुलगा तिथे जाऊ शकतो, हा हिशेब कोणालाही समजण्यासारखा होता. ज्याच्याकडे रोख पैसा नाही तोही देणारा होऊ शकतो, हे त्यातून दिसले. घेणारा आणि देणारा एकाच गावचे, अनेकदा एकाच घरातले होते.

छात्रालय सर्व जातींच्या मुलांसाठी खुले होते. एका पंगतीत जेवणे आणि एका छपराखाली झोपणे ही त्या काळात साधी बाब नव्हती. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील याच सुमारास असेच वसतिगृह चालवत होते आणि कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी त्याआधीच वसतिगृहांची चळवळ उभी केली होती. पंजाबरावांचे काम या परंपरेतले, पण वऱ्हाडात तिची सुरुवात शून्यातून करावी लागली.

विहिरी आणि अंबादेवी मंदिराचा प्रश्न काय होता?

अमरावतीचे अंबादेवी मंदिर हे शहराचे श्रद्धास्थान आहे. दलितांना तिथे प्रवेश नव्हता. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद झाली आणि तिथे मंदिरप्रवेशाचा प्रश्न पुढे आला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता. पंजाबराव या मागणीच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. शहरातील सनातनी मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

त्याच महिन्यात, २६ नोव्हेंबर १९२७ रोजी त्यांचा विवाह मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी झाला. हा विवाह आंतरजातीय होता. जातीबद्दलची मते त्यांनी भाषणापुरती ठेवली नाहीत, एवढे यावरून स्पष्ट होते. लग्नानंतर विमलाबाईंनी शिक्षण पुढे नेले आणि कायद्याची पदवी मिळवली. पंजाबरावांच्या निधनानंतर १९६७ ते १९७२ या काळात त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या.

१९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या जिल्हा परिषदेसारखी ही संस्था होती. हाती सत्ता येताच त्यांनी दोन निर्णयांवर भर दिला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणे आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या करणे. विहिरीवर पाणी भरण्यासाठी दुसऱ्याने वरून ओतण्याची वाट पाहत बसावे लागते, तोवर स्वावलंबनाच्या गोष्टी पोकळ ठरतात. पाणी स्वतःच्या हाताने काढता येणे ही त्यांच्या दृष्टीने पहिली पायरी होती.

कर्ज लवाद कायदा काय होता?

पंजाबरावांनी १९२७ मध्ये शेतकरी संघ स्थापन केला होता. त्याच्या प्रचारासाठी ‘महाराष्ट्र केसरी’ हे वर्तमानपत्रही चालवले. १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि वयाच्या बत्तिशीच्या आसपास मंत्री झाले. त्या वेळी द्विदल राज्यपद्धती होती. पोलीस, अर्थ यांसारखी महत्त्वाची खाती गव्हर्नरकडे राखीव असत आणि शिक्षण, शेती यांसारखी खाती भारतीय मंत्र्यांकडे सोपवली जात. पैसा कमी आणि जबाबदारी मोठी, अशी ती अवस्था होती.

नेमक्या याच वेळी जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळले होते. कर्ज रुपयांत घेतलेले, ते तेवढेच राहिले. ते फेडायला मात्र दुप्पट कापूस विकावा लागू लागला. गहाणखतांची मुदत संपत होती. जमिनींचे लिलाव पुकारले जात होते.

या पार्श्वभूमीवर १९३३ मध्ये मध्यप्रांतात कर्ज लवाद कायदा झाला. देशातील अशा प्रकारच्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी तो एक होता आणि त्यामागे पंजाबरावांचा पुढाकार होता. त्याची रचना साधी होती.

ठिकठिकाणी लवाद मंडळे नेमायची. कर्जदार किंवा सावकार, कोणीही मंडळाकडे अर्ज करू शकेल. मग मंडळ सर्व सावकारांना आपापल्या येण्याचा तपशील ठरलेल्या मुदतीत द्यायला सांगेल. मुदतीत तपशील दिला नाही, तर ते कर्ज संपले असे धरले जाई. तपशील आला की मंडळ दोघांना समोरासमोर बसवे, मूळ रक्कम किती आणि व्याज किती हे तपासे आणि शेतकऱ्याला झेपतील असे हप्ते ठरवे. रास्त तोडगा सावकाराने धुडकावला, तर पुढे दिवाणी कोर्टात त्याची बाजू दुबळी होईल, अशीही सोय कायद्यात होती.

या कायद्याचे मर्म तिसऱ्या पायरीत होते. सावकाराची वही आता त्याच्या ओसरीवर राहणार नव्हती, ती मंडळासमोर उघडली जाणार होती. सरकारने तिजोरीतून सावकाराला पैसे देऊन शेतकऱ्याला मोकळे केले नाही. शेतकऱ्याने खरे देणे फेडायचेच होते. खोटे आणि फुगवलेले देणे मात्र गळून पडणार होते आणि जमीन त्याच्याकडे राहणार होती. जमीन राहिली तर तो पुढच्या हंगामात स्वतःच्या पायावर उभा राहू शकेल, हा विचार त्यात होता.

या कायद्याच्या मर्यादा कोणत्या होत्या?

कायदा बराचसा तडजोडीवर आधारलेला होता. सावकार बडा असेल आणि त्याला वाट पाहणे परवडत असेल, तर तो तडजोड टाळू शके. दुसरी अडचण अधिक खोल होती. सावकाराने हात आखडता घेतला तर पुढच्या पेरणीला पैसे कोण देणार? सहकारी पतपेढ्या तेव्हा दुबळ्या होत्या आणि बँका खेड्यात पोहोचल्या नव्हत्या. जुने कर्ज हलके झाले तरी नवे कर्ज घ्यायला जागा एकच होती.

ज्याच्याकडे जमीनच नाही, त्या शेतमजुराला या कायद्याचा फारसा उपयोग नव्हता. जमीन वाचवण्यासाठी आधी जमीन असावी लागते. वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बाया आणि वर्षभर राबणारे सालदार या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

पंजाबरावांनी याच काळात आणखी एक वादग्रस्त प्रयत्न केला. देवस्थानांच्या संपत्तीचा वापर लोकोपयोगी कामासाठी व्हावा, या हेतूने त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. त्याला मोठा विरोध झाला आणि ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही.

शिवाजी शिक्षण संस्था कशी वाढली?

श्री शिवाजी शिक्षण संस्था ही पंजाबरावांची सर्वांत टिकाऊ निर्मिती ठरली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमरावतीत तिची स्थापना झाली. छात्रालयाने मुलांना शहरात राहता येऊ लागले. संस्थेने शाळाच खेड्याच्या जवळ नेली. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ या भागांत हायस्कूल निघाली. पुढे महाविद्यालयेही उभी राहिली. अकोल्याचे श्री शिवाजी महाविद्यालय त्यांपैकीच एक. आज विदर्भातील सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांमध्ये तिची गणना होते.

शाळा जवळ आल्याचा परिणाम आकड्यांपेक्षा घराघरांत दिसतो. वऱ्हाडातल्या अनेक कुटुंबांत पहिला मॅट्रिक, पहिला शिक्षक, पहिला तलाठी किंवा पहिला डॉक्टर ‘शिवाजी’त शिकलेला सापडतो. सातबारा, गहाणखत, सोसायटीची नोटीस वाचणारा माणूस घरातच तयार झाला. सावकाराच्या वहीपुढे अंगठा लावणाऱ्या पिढीनंतर सही करणारी पिढी आली आणि सही करण्याआधी वाचणारी पिढीही आली.

संस्थेने शेती, विज्ञान, कायदा अशा शाखांतही शिक्षण सुरू केले. पंजाबरावांच्या मृत्यूनंतर १९८४ मध्ये अमरावतीत त्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेही याच संस्थेचे.

ते खरोखर देशाचे पहिले कृषिमंत्री होते का?

हा प्रश्न स्पर्धा परीक्षांमुळे नेहमी विचारला जातो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात अन्न व कृषी खाते डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होते. पंजाबराव संविधान सभेचे सदस्य होते. तिथे त्यांनी शेतकरी, ग्रामीण भाग आणि मागास जातींचे प्रश्न सातत्याने मांडले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर ते केंद्रात मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत, सुमारे दहा वर्षे, कृषी खात्याची जबाबदारी त्यांनी सांभाळली. त्यामुळे कालक्रमाने पहिले म्हणण्यापेक्षा, निवडून आलेल्या पहिल्या सरकारात कृषी खात्याची धुरा वाहिलेले आणि तिथे सर्वाधिक काळ टिकलेल्यांपैकी एक, असे म्हणणे अधिक अचूक आहे. अमरावती भागाने त्यांना १९५२, १९५७ आणि १९६२ असे तीनदा लोकसभेवर पाठवले.

त्या दशकात देशापुढचा प्रश्न अन्नाचा होता. परदेशातून गहू आणावा लागत होता. भाताचे उत्पादन वाढवण्यासाठी १९५३ पासून जपानी भातशेतीची मोहीम देशभर राबवण्यात आली, तिचे ते खंदे पुरस्कर्ते होते. चांगले बियाणे, गादीवाफ्यावर रोपे, ओळीत लावणी, वेळेवर कोळपणी आणि खत, असे तिचे स्वरूप होते. महागडी यंत्रे त्यासाठी लागत नव्हती. छोट्या शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावर करून पाहता येईल अशी ती पद्धत होती.

कृषक समाज आणि दिल्लीचे प्रदर्शन कशासाठी?

१९५५ मध्ये पंजाबरावांच्या पुढाकाराने भारत कृषक समाज स्थापन झाला. व्यापाऱ्यांच्या संघटना होत्या, कामगारांच्या होत्या. शेतकऱ्याची पक्षापलीकडे जाणारी देशव्यापी संघटना असावी, ही त्यामागची कल्पना होती. मंत्रीच शेतकऱ्यांची संघटना बांधतो, हे काहींना विसंगत वाटले. पंजाबरावांचा अनुभव मात्र १९३३ चा होता. वरून कायदा झाला तरी खाली त्याचा उपयोग करून घेणारी संघटित माणसे नसतील तर तो कागदावर राहतो.

कृषक समाजाने डिसेंबर १९५९ ते फेब्रुवारी १९६० या काळात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या वेळी भारत दौऱ्यावर होते आणि ते प्रदर्शनाला आले. सोव्हिएत संघासह अनेक देशांची दालने तिथे होती. शीतयुद्धाच्या काळात दोन्ही गटांना एका मैदानात आणणे हा मुत्सद्देगिरीचा भाग झाला. पंजाबरावांचा हेतू अधिक जमिनीवरचा होता. देशभरातून शेतकऱ्यांनी यावे, जगात शेती कशी होते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि गावी जाऊन ठरवावे की आपल्याला काय घ्यायचे आहे.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय ६६ होते.

अकोल्याचे विद्यापीठ त्यांच्या नावाने कसे झाले?

पंजाबरावांच्या मृत्यूनंतर काही वर्षांत राज्यात कृषी विद्यापीठाचा प्रश्न पेटला. विद्यापीठ पश्चिम महाराष्ट्रात होणार असे दिसताच विदर्भात आंदोलन झाले. कापसाचा पट्टा इथे, कोरडवाहू शेती इथे, मग संशोधन दुसरीकडे का, असा सवाल होता. १९६८ मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात पंजाबरावांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले. विदर्भातील सर्व ११ जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

वऱ्हाडात आजही त्याला ‘पीकेव्ही’ म्हणतात. या विद्यापीठाने दिलेली पीकेव्ही हायब्रिड-२ आणि रजत ही कापसाची वाणे अनेक शेतकऱ्यांच्या आठवणीत आहेत. बियाण्याची पिशवी आणि शिवारफेरीचा दिवस, या दोन मार्गांनी पंजाबरावांचे नाव अशा घरांत पोहोचले जिथे त्यांचे चरित्र कधी वाचले गेले नाही.

आज त्यांच्या विचारांचे काय झाले?

सरकारने पंजाबरावांच्या नावाने ज्या योजना चालवल्या, त्यांतल्या दोन त्यांच्या कामाशी थेट जुळतात. वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी शहरात राहायला मदत करते. ही श्रद्धानंद छात्रालयाचीच सरकारी आवृत्ती म्हणता येईल. दुसरी व्याज सवलत योजना. मुदतीत पीककर्ज फेडणाऱ्याला तिचा लाभ मिळतो. म्हणजे मदत आहे, पण ती घेणाऱ्याने आपली बाजू पार पाडल्यावर मिळते.

तरीही चित्र समाधानाचे नाही. अमरावती विभाग राज्यात शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी आहे. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात अमरावती आणि अकोला होते. २००८ मध्ये केंद्राची, तर २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याची कर्जमाफी झाली. प्रत्येक वेळी काही घरांना खरा दिलासा मिळाला. काही वर्षांनी कर्ज पुन्हा साचले.

१९३३ च्या कायद्याशी तुलना केली तर एक फरक दिसतो. त्या वेळी प्रत्येक कर्जाचा हिशेब शेतकऱ्यासमोर तपासला जाई. माफीत आकडा वरून ठरतो आणि शेतकऱ्याच्या हाती शेवटी एक यादी येते, जिच्यात नाव आहे की नाही हे पाहायचे असते. पण तुलना तिथेच थांबवणेही योग्य नाही. पंजाबरावांच्या काळात खते, फवारणी, दरवर्षी विकत घ्यायचे बियाणे आणि बोअरवेल यांचा खर्च नव्हता. आज कर्जाचे कारण बदलले आहे. बँकेने नाकारलेला शेतकरी अजूनही खासगी सावकाराकडे जातो, एवढे मात्र बदललेले नाही.

शिक्षणाच्या बाबतीतही हिशेब सरळ नाही. पंजाबरावांनी शिक्षणाला शेतकऱ्याच्या मुक्ततेचे साधन मानले. शिक्षण पसरले, पण त्याने तयार केलेली मोठी पिढी शेती सोडून नोकरीच्या रांगेत उभी राहिली. नोकऱ्या तेवढ्या नव्हत्या. शिकलेला मुलगा शेतात रमत नाही आणि शहरात त्याला काम मिळत नाही, ही तक्रार आज वऱ्हाडातल्या पारावर रोज ऐकू येते. शिक्षण महागल्याने अनेक घरांत मुलाच्या प्रवेशासाठी पुन्हा शेत गहाण पडते. १९२० मध्ये पापळच्या शामरावांनी जे केले, ते शंभर वर्षांनंतरही करावे लागते.

मग पंजाबरावांकडून घ्यायचे काय? त्यांच्या कामात एक क्रम दिसतो. आधी राहण्या-जेवणाची सोय, म्हणजे मुलगा शाळेत टिकेल. मग शाळा, म्हणजे कागद वाचता येईल. मग कायदा, म्हणजे जमीन हातची जाणार नाही. मग संघटना, म्हणजे कायदा वापरता येईल. आणि मग संशोधन, म्हणजे त्या जमिनीतून जास्त पिकेल. यातली एक पायरी गाळून पुढची चढता येत नाही, हे त्यांनी एकेक करून अनुभवले. आजच्या बहुतेक योजना यातली एकच पायरी उचलतात.

वऱ्हाडात पंजाबरावांना ‘भाऊसाहेब’ म्हणतात. दरवर्षी २७ डिसेंबरला त्यांच्या पुतळ्याला हार घातले जातात आणि त्यांच्या संस्थांमध्ये कार्यक्रम होतात. त्याच सुमारास सीसीआयच्या केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि भाव किती मिळणार, यावर त्या घरातल्या मुलाची पुढची फी ठरत असते.